भव्य हॅटवरून दागिने घडवायचे आहेत. पण प्रत्येक वेळी बाहुलीची टोपीच तयार होते

तांब्याची_तार :

नमस्कार. गेली चार वर्षे मी तार, मणी आणि पातळ पत्रा वापरून हाताने दागिने घडवते आहे. या वेळी एकाच कल्पनेभोवती सात दागिन्यांचा संच करायचे ठरवले आणि विषय निवडला तो थाटामाटाच्या हॅटचा, म्हणजे ज्या घालून दारातून सरळ जाता येत नाही अशा रुंद काठाच्या, पिसांनी आणि फितींनी लगडलेल्या हॅटचा. त्यासाठी बरीच चित्रे आणि छायाचित्रे जमवली आहेत. पंधराव्या शतकातील बर्गंडीच्या दरबारातील स्त्रियांच्या डोक्यावरचे उंच शंकू, १७७८ च्या सागरी चकमकीनंतर फ्रान्समध्ये केसांच्या डोलाऱ्यावर शिडांसकट उभे केले जाणारे ‘बेल पूल’ हे जहाज, १९०८ च्या सुमारास लंडनमधून सर्वत्र पसरलेली ‘मेरी विडो’ हॅट आणि आपल्या काळातील हॅट-कारागीर फिलिप ट्रेसी यांच्या हॅट, असे सगळे माझ्या वहीत आहे.

आतापर्यंत तीन दागिने पूर्ण झाले आणि तिन्ही फसले. पहिली कानातल्यांची जोडी. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्याची ५० मिलिमीटर व्यासाची चकती कापून तिला मधोमध घुमट दिला, त्याभोवती फीत गुंडाळली आणि काठावर कापडाची इवलीशी गुलाबे बसवली. एकेक कानातले १४ ग्रॅमचे झाले, आणि अर्ध्या तासात कानाच्या पाळ्या ओढल्यासारख्या दुखू लागल्या. दुसरा दागिना म्हणजे खऱ्या पिसांचा ब्रोच. त्याची पिसे गोंदाने चिकटवली होती, ती आठवडाभरात सुटली, आणि जी सुटली नाहीत ती डबीत दबून मोडली. तिसरा दागिना सात लहान हॅटचे लोलक असलेला हार. तो गळ्यात घातला की मी हॅटच्या दुकानाची पाटी लटकवून फिरते आहे असे मलाच वाटते.

पण वजन आणि गोंद या दोन्ही गोष्टी सुधारता येतील. मला खरा त्रास निराळ्याच गोष्टीचा आहे. ज्यांना ज्यांना हे दागिने दाखवले, त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘गोंडस’. मूळ हॅटकडे पाहून कोणी तिला गोंडस म्हणणार नाही. तिच्यात एक उर्मटपणा असतो, खोलीतील सगळ्यांच्या नजरा आपल्याकडेच वळणार आहेत याची खात्री असते. ते सारे माझ्या हातून लहान आकारात येताना कुठे सांडते, हे मला कळत नाही. हॅटमधले नेमके काय उचलावे आणि काय मागे ठेवावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

काठापलीकडे :

मी दागिने करत नाही, हॅट करतो, त्यामुळे माझे उत्तर दुसऱ्या बाजूने येईल.

हॅटचा थाट हॅटमध्ये नसतो, तो हॅट आणि चेहरा यांच्यातील नात्यात असतो. तुम्ही वहीत चिकटवलेली छायाचित्रे पुन्हा पाहा : त्यांतील जवळजवळ प्रत्येक हॅट कोणाच्या तरी डोक्यावर असेल. तीच हॅट टेबलावर ठेवली की निम्मी मरते, हे आम्ही कारागीर रोज पाहतो. ‘मेरी विडो’ हॅट थोर वाटते, कारण तिचा काठ खांद्यांच्या रुंदीशी स्पर्धा करतो आणि त्याच्या सावलीत चेहरा लहान, नाजूक आणि थोडा गूढ दिसतो. तुम्ही ती पाच सेंटिमीटरची केलीत तेव्हा तिचा आकार तर राहिला, पण जिच्याशी तिने स्पर्धा करायची ती बाईच गायब झाली. आता ती कशापेक्षाही मोठी नाही. मोठेपणा गेला की मागे गोंडसपणाच उरणार.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, हॅटचे चित्र काढताना डोके, मान आणि खांदे यांच्यासकट काढा, आणि मग त्यातून हॅट पुसून टाका. हॅटने त्या शरीराचे जे काही केले होते तेवढेच शिल्लक ठेवा. कधी ती कानशिलापासून खांद्यापर्यंत उतरणारी एक तिरपी रेघ असेल, कधी एका डोळ्यावरची सावली असेल, तर कधी मानेच्या मागून अचानक वर उसळलेले एकच पीस असेल. त्या रेघेला, त्या सावलीला किंवा त्या उसळीला शरीरावर दुसरी जागा शोधणे हे तुमचे काम. कानाभोवती पूर्ण वळसा घेणारे आणि पाळीच्या बाहेर चांगले तीन सेंटिमीटर पसरणारे कर्णभूषण केलेत, तर कान हेच डोके होते आणि धातूचा तो काठ त्याच्यापेक्षा मोठा असल्यामुळे उर्मटपणा आपोआप परत येतो.

दुसरी गोष्ट रंगाची. १९१० च्या मे महिन्यात ब्रिटनचे राजे सातवे एडवर्ड वारले आणि जूनमधील ॲस्कटच्या घोड्यांच्या शर्यतींना सगळा उच्चभ्रू समाज दुखवट्याचे काळे कपडे घालून आला. ‘ब्लॅक ॲस्कट’ या नावाने ते वर्ष ओळखले जाते. त्या दिवसांच्या छायाचित्रांत फुले, फिती आणि पिसे यांचे रंग नाहीत; काळ्या प्रचंड हॅटच्या बाह्यरेषाच तेवढ्या आकाशावर उमटलेल्या दिसतात, आणि त्या कोणत्याही रंगीत हॅटपेक्षा जास्त दिमाखदार वाटतात. तुम्हीही काळ्या कागदातून केवळ बाह्याकार कापून पाहा. तीन सेंटिमीटरचा कागदी आकार हातभर अंतरावरून पाहिला आणि तरीही त्यात तोरा जाणवला, तरच तो धातूत घ्या. गुलाबे बसवल्याशिवाय जो आकार उभा राहत नाही, तो गुलाबे बसवूनही उभा राहत नाही. (हे मी शिकलो ते बरीच गुलाबे वाया घालवल्यावर.)

तिसरी गोष्ट पोकळीची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एप्रिल २०११ मधील इंग्लंडच्या राजघराण्यातील विवाहाला राजकन्या बिआट्रिस यांनी ट्रेसी यांनी केलेली जी हॅट घातली होती, ती तुमच्या वहीत असेलच; तिची थट्टा जगभर झाली. थट्टा बाजूला ठेवून तिची रचना पाहा. कपाळावर उभे असलेले, फितीच्या गाठीसारख्या वळसेदार ‘बो’चे एक मोठे कडे, आणि त्या कड्याच्या मध्ये काहीही नाही. पदार्थ थोडा, व्यापलेली जागा पुष्कळ. ट्रेसी यांनीच फॅशन-संपादक इझाबेला ब्लो यांच्यासाठी केलेल्या जहाजाच्या हॅटमध्येही साटिनच्या गलबतावरचे दोरखंड पिसांच्या दांड्यांचे आहेत. केसासारख्या बारीक रेघांनी हवेचा केवढा तरी भाग आपल्या ताब्यात घेतला आहे. भव्य हॅट भरीव असती तर ती डोक्यावर राहिलीच नसती. रुंद काठाची हॅट करताना आम्ही कडेने एक तार शिवून घेतो आणि सगळा ताण ती तारच सांभाळते. मधले कापड त्या तारेवर नुसते ताणलेले असते. तुम्ही चकती कापलीत तिथेच खरे तर वाट चुकली, कारण हॅटचा काठ ही चकती नसून कडेची रेघ आणि तिच्यावर तोललेला हलका पडदा असतो.

त्या पडद्यासाठी आमच्याकडचा एक पदार्थ सुचवतो. सिनामे नावाचे कापड अबाका या केळीच्या कुळातील झाडाच्या धाग्यांपासून विणतात. ते ओले केले की हवे तसे वळते आणि पाणी घातलेला पांढरा गोंद लावून वाळवले की वळलेल्या आकारातच कडक होते. तिरप्या कापाची, म्हणजे धाग्यांना पंचेचाळीस अंशांत कापलेली पट्टी घ्या, तिच्या कडा बोटांनी आत गुंडाळा आणि ओली असतानाच पेन्सिलीभोवती पिळून ठेवा. सुकल्यावर मिळणारा वळसा धातूच्या तुलनेत जवळपास वजनरहित असतो. सरळ कापाची पट्टी मात्र कधीही वळत नाही, फक्त दुमडते. पहिल्या प्रयत्नात सगळे इथेच फसतात.

ऐरणीवरचा :

वरच्या उत्तरातील कडेच्या तारेचा मुद्दा आकड्यांत मांडतो, म्हणजे १४ ग्रॅम कुठून आले ते दिसेल.

५० मिलिमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे १,९६० चौरस मिलिमीटर भरते. जाडी अर्धा मिलिमीटर, म्हणजे घनफळ जवळपास एक घन सेंटिमीटर. तांब्याची घनता ८.९६ असल्यामुळे नुसती चकतीच पावणेनऊ ग्रॅमची झाली. फीत, गुलाबे, गोंद आणि हूक हे सगळे त्यावर. हीच चकती ॲल्युमिनियमची केली तर अडीच-पावणेतीन ग्रॅमवर येईल, कारण त्याची घनता २.७ आहे. परंतु ॲल्युमिनियमला डाग देणे (म्हणजे धातू वितळवून सांधा जोडणे) घरगुती साधनांनी जमत नाही आणि त्याचा तो फिकट रंग तुमच्या विषयाला शोभणारही नाही.

आता चकतीऐवजी सांगाडा करा. बाहेरचे कडे १८ गेजच्या म्हणजे एक मिलिमीटर जाड तारेचे, व्यास तोच ५० मिलिमीटर : १५७ मिलिमीटर तार लागते आणि वजन १.१ ग्रॅम होते. माथ्याच्या जागी १६ मिलिमीटरचे आतले कडे त्याच तारेचे : साधारण ०.३५ ग्रॅम. दोन्ही कड्यांमध्ये २६ गेजच्या म्हणजे ०.४ मिलिमीटर तारेचे बारा आरे, प्रत्येकी १७ मिलिमीटर : सगळे मिळून पाव ग्रॅमच्या आत. एकूण वजन दोन ग्रॅमलाही पोहोचत नाही आणि व्यापलेली जागा मात्र तेवढीच राहते. सांगाडा सपाट ठेवू नका. आरे बसवण्याआधी बाहेरचे कडे हातानेच किंचित पिळा, म्हणजे एका बाजूला काठ वर चढेल आणि समोरच्या बाजूला खाली उतरेल. हॅटचा तोरा बऱ्याच अंशी याच पिळात असतो.

ज्यांना तारेपेक्षा पत्राच आवडतो त्यांच्यासाठी आणखी एक युक्ती आहे. पातळ पत्र्याची अरुंद पट्टी तापवून मऊ करा आणि तिची फक्त एक कड ऐरणीवर ठेवून हातोडीच्या आडव्या टोकाने ठोकत जा. ठोकलेली कड पातळ होऊन लांबत जाते, न ठोकलेली कड तेवढीच राहते, आणि दोन्ही कडांच्या लांबीतील हा फरक सामावून घेण्यासाठी पट्टी आधी कमानीसारखी वळते आणि पुढे स्वतःहून लाटा घेऊ लागते. झालरीसारखी ती चुणी चिमट्याने पाडलेल्या चुणीसारखी ओशाळवाणी दिसत नाही. मात्र तांबे ठोकल्याने कडक होते, तेव्हा मधूनमधून पुन्हा तापवून मऊ केले नाही तर कडेला चिरा पडतात.

टांगण्याविषयी एक सूचना. टांगलेली वस्तू नेहमी अशी फिरते की तिचा गुरुत्वमध्य टांगण्याच्या बिंदूच्या बरोबर खाली येतो. हॅट कललेली दिसावी म्हणून तुम्ही ती तिरपी घडवाल, पण कडी मधोमध लावाल, तर ती कानात जाताच सरळ होऊन बसेल. कडी लावण्याआधी सांगाडा दोऱ्याला वेगवेगळ्या जागी बांधून लटकवा आणि हवा तो कल ज्या जागी मिळतो तिथेच कडी द्या. तो स्वतःभोवती फिरू नये असे वाटत असेल तर दोन बिंदूंवर टांगा. ब्रोचच्या बाबतीत पिन नेहमी मध्याच्या वर बसवा; मध्यावर किंवा त्याखाली बसवलेला जड माथ्याचा ब्रोच कापडावर पुढे झुकतो आणि थाटाऐवजी दमलेला दिसतो.

कानातल्याच्या हुकासाठी ०.८ मिलिमीटरची म्हणजे २० गेजची तार पुरते, पण ती कोणत्या धातूची आहे याची खात्री करून घ्या. स्वस्त तयार हुकांत अनेकदा निकेल असते आणि त्याची ॲलर्जी पुष्कळांना होते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार टोचलेल्या छिद्रात राहणाऱ्या भागातून निकेल सुटण्याचे प्रमाण आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असावे लागते. ही खात्री मिळत नसेल तर चांदीचे, टायटेनियमचे किंवा नायोबियमचे हूक घ्यावेत हे उत्तम.

गांधीलमाशी :

मी फक्त पिसांबद्दल आणि हॅटपिनबद्दल लिहिते, कारण या दोन्ही गोष्टी हॅट आणि दागिना यांच्या सीमेवर आधीपासूनच उभ्या आहेत.

डोक्यावर खोचायच्या पिसाच्या तुऱ्याला फ्रेंचमध्ये एग्रेट म्हणतात. हा शब्द ज्या बगळ्याच्या पिसांवरून आला, त्याच बगळ्याचे इंग्रजी नाव एग्रेट आहे. परंतु त्याच शब्दाने एक दागिनाही ओळखला जातो : सोन्याचांदीत आणि हिऱ्यांत घडवलेले पीस. म्हणजे तुमचा प्रश्न सोनारांपुढे काही शतकांपूर्वीच आला होता आणि त्यांनी पिसाची नक्कल करण्याऐवजी पीस काय करते याचा विचार केला. पीस थरथरते. अठराव्या शतकातील कारागिरांनी फुले, पाकळ्या आणि तुरे बारीक स्प्रिंगवर बसवले, म्हणजे ल्यायलेल्या व्यक्तीने मान वळवली की दागिना मेणबत्तीच्या उजेडात थरथरत असे. या पद्धतीला ‘आँ त्राँब्लाँ’ म्हणजे ‘थरथरता’ असेच नाव आहे.

हे घरी करणे फारसे अवघड नाही. दीड मिलिमीटर जाडीच्या सुईभोवती ०.३ मिलिमीटरची तार पाच-सहा वेढे घट्ट गुंडाळा, दोन्ही टोके थोडी लांब ठेवा, एक टोक ब्रोचच्या सांगाड्याला आणि दुसरे तुऱ्याला पक्के करा. तार तांब्याची नको, कारण मऊ तांबे एकदा वाकले की वाकलेलेच राहते. फॉस्फर ब्राँझची किंवा न तापवलेली कडक पितळी तार घ्या. तुऱ्याचे वजन जितके कमी तितकी थरथर जलद होते. स्प्रिंगला डाग देण्याच्या भानगडीत पडू नका. आच लागली की कडकपणा जातो आणि तुरा मान टाकतो. शेवटी बांधूनच बसवावी लागते.

खरी पिसे वापरायचीच असतील तर त्यांचे मूळ विचारून घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅटसाठी पक्ष्यांचा जो संहार झाला तो थोडाथोडका नव्हता. १८८६ मध्ये फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या बाजारपेठेतून फिरताना सुमारे ७०० हॅट मोजल्या, तर त्यांतील जवळपास तीन चतुर्थांश हॅटवर पिसे किंवा अख्खे पक्षी होते आणि त्यांत त्याला ४० जाती ओळखता आल्या. ब्रिटनमधील पक्षिसंरक्षण संस्था १८८९ मध्ये सुरू झाली ती या पिसांच्या विरोधातूनच, आणि तिच्या स्थापनेत स्त्रियाच पुढे होत्या. पुढे अमेरिकेत १९१८ च्या कायद्याने बहुतेक स्थानिक वन्य पक्ष्यांची पिसे बाळगण्यावरही बंदी आली, मग ती जमिनीवर पडलेली सापडली असली तरी. तेव्हा रानात सापडलेले पीस दागिन्यात वापरून तो परदेशी पाठवू नका. कोंबडा, हंसबदक आणि शहामृग या पाळीव पक्ष्यांची पिसे सहज मिळतात, रंगही चांगला धरतात. ती चिकटत नाहीत कारण पिसाची दांडी गुळगुळीत असते. दांडी बारीक पॉलिश पेपरने खरवडा, टोकावर गोंद लावा आणि मग धातूच्या बारीक नळीत घालून नळी पकडीने दाबा. पकड नळीने धरायची, गोंदाने फक्त साथ द्यायची. मोडलेली पिसे किटलीच्या वाफेवर धरली तर बरीचशी पुन्हा सरळ होतात, त्यामुळे तुमचा ब्रोच अजून टाकून दिला नसेल तर तो वाचेल.

आता हॅटपिन. रुंद काठाची हॅट केसांच्या अंबाड्याला अडकवून ठेवणारी ही लांब सुई इतकी लांब होत गेली, आणि गर्दीत इतरांच्या गालांना आणि डोळ्यांना इतकी लागू लागली, की १९१० मध्ये शिकागो शहराने तिच्या लांबीवर मर्यादा घातली. फ्रेंच दागिने-कारागीर रेने लालिक यांनी १९०० च्या सुमारास केलेल्या एका हॅटपिनच्या माथ्यावर ओपलभोवती गांधीलमाश्या जमल्या आहेत. माझे येथील नाव तिथूनच उचलले आहे, हे जाता जाता कबूल करते. सांगायचे ते हे की संचातील एखाद्या दागिन्यात हॅट मुळीच दाखवू नका. फक्त पिन दाखवा. कानाच्या मागून येऊन पाळीच्या खाली तिरपी बाहेर पडणारी, टोकावर मणी असलेली सरळ रेघ. टोक अर्थातच बोथट ठेवा.

निवांत_मणी :

सर्वांनी उत्तम लिहिले आहे, तरीही मला थोडे उलट बोलायचे आहे. हॅट जशीच्या तशी लहान करून वापरणे हा गुन्हा आहे असे वाचता वाचता वाटू लागले, आणि ते मला पटत नाही.

फॅशन डिझायनर एल्सा स्कियापरेली यांनी चित्रकार साल्व्हादोर दाली यांच्यासह १९३७-३८ च्या हिवाळी संग्रहासाठी बुटाच्या आकाराची हॅट केली : उंच टाचेचा बूट उलटा करून डोक्यावर ठेवलेला. तिथे बुटाचा सारांश किंवा बुटाची रेघ घेतलेली नाही, बूट म्हणजे बूटच आहे. तरी कोणी तिला खेळणे म्हणत नाही, कारण वस्तू भलत्या जागी आहे आणि तिथे ती अत्यंत गंभीर चेहऱ्याने बसली आहे. त्यांच्याच १९३८ च्या एका कंठ्यात पारदर्शक प्लॅस्टिकवर धातूचे रंगवलेले किडे बसवले आहेत. प्लॅस्टिक दिसत नाही, त्यामुळे किडे थेट गळ्याच्या त्वचेवर चालताहेत असा भास होतो. किडे अगदी किड्यांसारखेच आहेत. नक्कल फसते ती नक्कल असल्यामुळे नव्हे, तर ती अपेक्षित जागी बसल्यामुळे. साखळीला लटकणारा लोलक ही कोणत्याही लहान वस्तूची ठरलेलीच जागा; तिथे हॅट लावा, किल्ली लावा किंवा मांजर लावा, सगळे सारखेच गोंडस दिसणार.

म्हणून एक अंगठी करून पाहा. बोटाचे पेर म्हणजे डोके, आणि हॅटचा काठ इतका रुंद की शेजारच्या दोन्ही बोटांवर त्याची सावली पडावी. हात हलला की हॅट घातलेली व्यक्ती मान डोलावते आहे असे दिसेल. रोज घालण्याच्या सोयीची ती नसेल. पण भव्य हॅट तरी कुठे सोयीची होती?

आणि बर्गंडीच्या त्या शंकूला हात लावायला तर तुम्हाला काही घडवावेही लागणार नाही. मण्यांच्या लडी बांधून झाकायला जो धातूचा शंकू आपण सगळे वापरतो, तो उलटा नव्हे, सुलटाच धरा : वर टोक, खाली तोंड. त्या शिरोभूषणाच्या टोकावरून तलम पडदा खाली सोडलेला असे. त्याच जागेवरून, म्हणजे शंकूच्या टोकातून, अतिशय बारीक साखळ्या काढून त्या बाहेरच्या बाजूने खांद्यापर्यंत सोडा. शंकूच्या आतून सोडल्या तर तो नेहमीचा गोंडा होईल. बाहेरून सोडल्या की पडदा होतो.

काठापलीकडे :

निवांत_मणी यांचा आक्षेप मान्य आहे, आणि त्यांच्या अंगठीला तर मी विरोध करूच शकत नाही, कारण तिथे काठ पुन्हा शरीराशी स्पर्धा करतो आहे. फक्त एवढे जोडतो की स्कियापरेली यांची बुटाची हॅट पूर्ण आकाराची आहे. तिची विनोदबुद्धी लहान होण्यात नाही. हार वाचवायचा असेल तर सात लहान हॅटऐवजी एकच ठेवा, आणि ती समोर न ठेवता एका खांद्याच्या हाडावर तिरपी बसवा. बाकीच्या सहांची जागा रिकामी साखळी घेईल.

तांब्याची_तार :

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे काम करून मगच उत्तर द्यावे असे ठरवले होते, म्हणून उशीर झाला.

काळ्या कागदातून अकरा आकार कापले आणि भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पाहिले. चार टिकले. ज्या ‘मेरी विडो’ हॅटसाठी मी सर्वांत जास्त राबले होते ती टिकली नाही; समोरून पाहिली की ती नुसती आडवी चकती दिसते. मात्र तीच हॅट मागून तीन चतुर्थांश कोनातून काढली तेव्हा काठाची एक बाजू मानेवर उतरली आणि तो आकार पाचवा म्हणून आत आला. इतके दिवस मी प्रत्येक हॅट समोरून काढत होते, हे यापूर्वी लक्षातच आले नव्हते.

कानातल्यांचा सांगाडा ऐरणीवरचा यांनी दिलेल्या मापांनी केला. डाव्या कानात पिळलेला काठ, त्यात आऱ्यांवर सिनामेची एकच वळलेली पट्टी आणि मध्ये पोकळी. हुकासकट वजन २.९ ग्रॅम. उजव्या कानात फक्त हॅटपिन. मैत्रिणीने ती जोडी घालून पाहिली आणि काही बोलण्याआधी तिने हनुवटी किंचित वर उचलली. ‘गोंडस’ हा शब्द आला नाही. ब्रोचची पिसे वाफेवर खरोखरच सरळ झाली, आणि स्प्रिंगवर बसवल्यावर ती इतकी थरथरू लागली की मला वेढे सहावरून चारावर आणावे लागले.

अंगठीवर काम चालू आहे. काठ ४५ मिलिमीटरचा ठेवला, तर पहिल्याच दिवशी माथा एका बाजूला कलंडून अंगठी बोटावर फिरू लागली. शिवाय कानातल्यातील आऱ्यांची टोके कड्याभोवती गुंडाळून कापली आहेत, ती केसांत अडकतात. कानशीने घासूनही पूर्ण गेली नाहीत. या दोन्हींवर काही उपाय सुचेल का?

ऐरणीवरचा :

अंगठी फिरते कारण पट्टी अरुंद आहे आणि वजन सगळे वर आहे. बोटाच्या खालच्या बाजूला पट्टी किमान सहा-सात मिलिमीटर रुंद करा, किंवा एकाऐवजी दोन पट्ट्या थोड्या अंतरावर बसवून त्यांवर हॅट ठेवा. दोन जागी धरलेली अंगठी सहसा कलंडत नाही. पट्टीच्या आत खालच्या बाजूला धातूचे दोन लहान उंचवटे जोडले तर तेही बोटाला धरून ठेवतात.

आऱ्यांची टोके कड्याच्या बाहेरच्या बाजूला संपत असतील तर ती कितीही घासली तरी अडकणारच. वेढा बाहेरून आत असा घ्या, म्हणजे कापलेले टोक सांगाड्याच्या आतल्या आणि खालच्या बाजूला येईल, मग ते चपट्या पकडीने कड्यावर दाबून बसवा. पूर्ण झाल्यावर जुना नायलॉनचा मोजा त्यावरून फिरवून पाहा; जिथे धागा ओढला जाईल तिथे टोक अजून उघडे आहे.